एच-इंडेक्स ३१ म्हणजे नेमकं किती? (संगणकशास्त्रातल्या संशोधनाचं मोजमाप)

तळटीप

सध्या एका निवड समितीच्या कामात अडकलोय. संगणकशास्त्रातल्या जागेसाठी आलेले अर्ज वाचणं चालू आहे. जवळपास प्रत्येक अर्जाच्या पहिल्या पानावर एक चौकट असतेच: एकूण सायटेशन्स ४२००, एच-इंडेक्स ३१, आय-१० इंडेक्स ५८. (आकडे बदललेत, नमुना हाच.) समितीतले इतर विषयांचे सदस्य चौकट बघतात, मान डोलावतात आणि पुढचा अर्ज उघडतात. माझं म्हणणं असं, की चौकटीत आकडे तीन दिसले तरी माहिती जेमतेम एका आकड्याची आहे. आणि तो एक आकडासुद्धा माणसापेक्षा त्याच्या उपक्षेत्राबद्दलच जास्त बोलतो.

ज्यांचा या भानगडीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सायटेशन म्हणजे दुसऱ्या पेपरात आपल्या पेपराचा झालेला उल्लेख. होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये एच-इंडेक्स मांडला. आपले पेपर सायटेशन्सच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि ज्या क्रमांकापर्यंत पेपरची सायटेशन्स त्या क्रमांकाइतकी किंवा जास्त भरतात, तिथे थांबायचं. ३१ म्हणजे किमान ३१ वेळा उद्धृत झालेले ३१ पेपर. आय-१० तर त्याहून सोपा, दहा किंवा जास्त सायटेशन्स असलेले पेपर किती एवढंच. तो गूगल स्कॉलरचा घरचा आकडा आहे, २०११ पासूनचा.

आता गंमत बघा. अलेक्झांडर याँग या गणितज्ञाने २०१४ मध्ये दाखवलं की एकूण सायटेशन्सचं वर्गमूळ काढून त्याला ०.५४ ने गुणलं की एच-इंडेक्सचा बऱ्यापैकी अंदाज येतो. ४२०० चं वर्गमूळ साधारण ६५, गुणिले ०.५४ म्हणजे ३५. चौकटीत ३१ आहे. मग एच-इंडेक्सने एकूण बेरजेपलीकडे नवीन काय सांगितलं?

माझ्या मते जिथे हे सूत्र सपशेल चुकतं, तिथेच माणूस बघण्यासारखा असतो. समजा एकीचे पाचच पेपर आहेत आणि प्रत्येकाला ५००० सायटेशन्स. बेरीज २५,०००, सूत्र म्हणतं ८५, पण एच येतो ५, कारण पेपरच पाच! दुसऱ्याचे वीस पेपर, प्रत्येकी वीस सायटेशन्स. बेरीज ४००, एच २०. चौकटीवर भरवसा ठेवला तर दुसरा चौपट भारी.

हर्शने मूळ पेपरात भौतिकशास्त्रापुरते काही अंदाज दिले होते, कायम नेमणुकीसाठी १२ च्या आसपास आणि प्रोफेसरसाठी १८. आमच्या बैठकीत कोणीतरी हेच आकडे टाकले, 'भौतिकशास्त्रापुरते' हे शब्द वगळून.

तर प्रश्न असा: संगणकशास्त्रातल्या माणसाचं काम तोलताना तुम्ही काय बघता? आणि काय बघायचं सोडून दिलंत?

गणकयंत्र

लेख चांगला, पण थोडी उलटी बाजू मांडतो.

आकडे नव्हते तेव्हा काय होतं? 'हा अमक्याचा विद्यार्थी', 'ही तमक्या लॅबमधली', आणि दोन वजनदार शिफारसपत्रं. ज्याला कोणी ओळखत नाही, ज्याचा गाइड प्रसिद्ध नाही, त्याच्या हातात दाखवण्यासारखं काय असायचं? सायटेशन निदान अनोळखी माणसाने दिलेलं असतं. आकड्यांवर तुटून पडणाऱ्यांतले बरेच जण ओळखीच्या जोरावर आरामात बसलेले असतात हेही सांगायला हवं. (तुम्हाला उद्देशून नाही.)

आणि दोनशे अर्ज आले की दोनशे जणांचे पेपर कोण वाचणार?

अनुस्वार

मी थिअरीवाली, म्हणजे संगणकशास्त्राच्या गणिती बाजूची. आमच्या गल्लीत ही चौकट म्हणजे थट्टाच आहे.

आमच्याकडे लेखकांची नावं आडनावाच्या अकारविल्हे लागतात. पहिलं नाव कोणाचं यावरून काहीही कळत नाही. मशीन लर्निंग किंवा सिस्टिम्समध्ये पहिला लेखक काम करणारा आणि शेवटचा प्रयोगशाळेचा प्रमुख, असा साधारण संकेत. दोन्हीकडचे अर्ज एकाच समितीसमोर येतात आणि 'प्रथम लेखक म्हणून किती पेपर?' हा रकाना सगळ्यांना सारखाच भरावा लागतो. आडनाव वर्णमालेत शेवटी असेल तर संपलंच.

दुसरं म्हणजे लोकसंख्या. माझ्या विषयात जगभरात काम करणारे लोक इतके थोडे आहेत की सगळ्यांनी मला उद्धृत केलं तरी आकडा शंभरच्या घरात घुटमळेल. शेजारच्या खोलीत डीप लर्निंग करणाऱ्याचा बरा पेपर वर्षभरात तेवढी मजल मारतो. त्याचं काम माझ्यापेक्षा चांगलं की वाईट हे यातून कळत नाही. त्याच्या रस्त्यावर गर्दी जास्त आहे, एवढं कळतं.

@गणकयंत्र, ओळखीबद्दलचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण सायटेशनसुद्धा तितकं अनोळखी नसतं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने १९६८ मध्ये मॅथ्यू इफेक्ट सांगितला तो हाच. आधीच नाव असलेल्याच्या पदरात श्रेय आणखी पडतं. त्याच तोडीचं काम नवख्याने केलं तर लोक पुढे सरकतात.

पेशीजाल

मी जीवशास्त्रातली, त्यामुळे बाळबोध प्रश्न. आमच्याकडे जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर बघतात (तोही वादग्रस्त आहे, माहितीये). कॉन्फरन्स म्हणजे पोस्टर लावायचं, चार लोकांना भेटायचं, परत यायचं. तुमच्या लोकांच्या अर्जात कॉन्फरन्स पेपर ढीगभर आणि जर्नल दोन-तीनच असतात. आमच्या समितीतल्या एका सदस्याने असा अर्ज 'प्रकाशनं नाहीत' म्हणून बाजूला ठेवला होता. हे काय प्रकरण आहे?

अनुस्वार

@पेशीजाल, बाळबोध अजिबात नाही. आमची निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात.

आमच्याकडे मोठ्या कॉन्फरन्सला अख्खा पेपर पाठवायचा असतो. तीन-चार रिव्ह्यूअर तो वाचतात, बऱ्याच ठिकाणी लेखकाला उत्तर द्यायची संधी असते, आणि नावाजलेल्या ठिकाणी पाचातले चार पेपर परत येतात. छापला गेला की तेच अंतिम प्रकाशन. स्टीफन कुकचा १९७१ चा पेपर, ज्यातून एनपी-कम्प्लीटनेसची (संगणकाला कोणते प्रश्न मुळातच अवघड, या विषयाची) सगळी गाडी सुरू झाली, तो स्टॉक या कॉन्फरन्सचाच. अमेरिकेतल्या कम्प्युटिंग रिसर्च असोसिएशनसाठी पॅटरसन, स्नायडर आणि उलमन यांनी १९९९ मध्ये एक टिपण लिहिलं होतं ते याचसाठी: बाबांनो, आमच्याकडे कॉन्फरन्स पेपर आणि तयार करून दाखवलेली वस्तू यांना जर्नलइतकाच मान द्या. इतक्या वर्षांनंतरही तुमच्या त्या सदस्यापर्यंत ते पोचलेलं नाही!

इम्पॅक्ट फॅक्टर मुळात जर्नलचा आकडा आहे. आधीच्या दोन वर्षांत तिथे छापलेल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन्स मिळाली, बस्स. त्यात मोजके लेख सगळा भार वाहतात आणि बाकीचे फुकटचा प्रवास करतात. एकट्या लेखाची किंवा माणसाची किंमत त्यावरून ठरवू नका, हेच २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या डोरा जाहीरनाम्याचं पहिलं सांगणं. संगणकशास्त्रात तर दोन वर्षांची खिडकी आणि जर्नलचीच मोजणी, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

खटपट्या

कॉन्फरन्सचं इतकंही कौतुक नको. २०१४ मध्ये निप्स (आताचं न्यूरिप्स) या मशीन लर्निंगच्या मोठ्या कॉन्फरन्सने स्वतःवरच प्रयोग केला होता. १६६ पेपर दोन स्वतंत्र समित्यांकडे पाठवले. सुमारे २६ टक्के पेपरांवर दोघींचे निकाल वेगळे. हे ऐकायला ठीक वाटतं, पण मुळात नाकारलेलेच जास्त असतात हे लक्षात घ्या. एका समितीने घेतलेल्या पेपरांपैकी निम्म्याहून जास्त दुसरीने नाकारले होते. म्हणजे 'अमुक कॉन्फरन्समध्ये पेपर आहे' यात नशिबाचा वाटा चांगलाच घसघशीत. वर्डटूव्हेकचा (शब्द आकड्यांत मांडण्याची पद्धत) पहिला पेपर २०१३ मध्ये आयसीएलआर या कॉन्फरन्सच्या मुख्य कार्यक्रमात बसला नाही, वर्कशॉपमध्ये गेला. पुढे तो प्रचंड गाजला.

माझं दुखणं वेगळं आहे. मी सॉफ्टवेअर बनवतो. लेस्ली लॅम्पोर्टचं लाटेक घ्या. जगातले किती संगणकशास्त्राचे पेपर त्यात टाइप होतात आणि किती जण शेवटी त्याचा उल्लेख करतात? लॅम्पोर्टला ट्युरिंग पुरस्कार वितरित प्रणालींवरच्या कामासाठी मिळाला, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. पण एखाद्याने आयुष्यभर एक कम्पायलर किंवा लायब्ररी सांभाळली, हजारो लोक ती वापरतात, तर त्याच्या चौकटीत काय दिसणार?

याची उलट बाजूही आहे. किंगमा आणि बा यांचा ॲडमचा (न्यूरल नेटवर्क शिकवण्याची एक पद्धत) पेपर घ्या, दोन लाखांच्या वर सायटेशन्स. त्यातली बहुतेक 'आम्ही ॲडम वापरला' अशा एका ओळीची. तो पेपर महत्त्वाचा आहे यात वादच नाही. पण ती एक ओळ आणि 'या प्रमेयावर आमची सगळी सिद्धता उभी आहे' हे वाक्य, दोन्हींचं वजन गूगल स्कॉलरच्या तराजूत एकच. सर्वे पेपर, डेटासेट, बेंचमार्क यांचंही असंच. सिमँटिक स्कॉलर हे शोधयंत्र प्रभावी सायटेशन्स वेगळी दाखवायचा प्रयत्न करतं. दिशा बरोबर वाटते, पण शेवटी तोही एका मॉडेलचा अंदाजच.

मधली_सुट्टी

वाचनखूण साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

तळटीप

सगळ्यांचे आभार, चर्चा अपेक्षेपेक्षा चांगली चालली आहे.

@खटपट्या, लॅम्पोर्टचं नाव काढलंत म्हणून काळाचा मुद्दा घेतो. पॅक्सोसचा (अनेक संगणकांत एकमत घडवण्याची पद्धत) त्यांचा पेपर १९९० मध्ये जर्नलकडे गेला आणि छापून आला १९९८ मध्ये. त्या आठ वर्षांत एखाद्या समितीने त्या कामाचं मोजमाप केलं असतं तर? शून्य. एलएसटीएम या न्यूरल नेटवर्कचा पेपर १९९७ चा. पहिली काही वर्षं त्याच्याकडे फार कोणी बघत नव्हतं, मग आवाजाची ओळख आणि भाषांतर त्यावर चालायला लागलं आणि आलेख छपराला टेकला. अशा पेपरांना व्हॅन रान यांनी २००४ मध्ये 'झोपलेल्या राजकन्या' म्हटलं. आमच्या कॉन्फरन्सेस दहा वर्षांनंतर 'काळाच्या कसोटीवर उतरलेला पेपर' असे पुरस्कार देतात ते मला त्यातल्या त्यात शहाणपणाचं वाटतं. अर्थात तिशीतल्या उमेदवाराला त्याचा उपयोग नाही.

एच-इंडेक्सचा आणखी एक गुण असा की तो कधी खाली येत नाही. दहा वर्षं काही केलं नाही तरी जुन्या पेपरांवर वाढतच राहतो. वय आणि कर्तृत्व एकाच आकड्यात घुसळलेलं.

गणकयंत्र

@तळटीप, उदाहरणं सगळी हिऱ्यांचीच देताय. राजकन्या हजारात एखादी. बाकीचे झोपलेले पेपर झोपण्याच्याच लायकीचे असतात. धोरण अपवादांवर ठरवायचं का?

आणि क्षेत्राचा फरक काढून टाकायला मापं आहेत की. स्कोपस या सायटेशन्सच्या डेटाबेसमध्ये क्षेत्रानुसार समायोजित केलेला आकडा मिळतो. त्याच विषयातल्या, त्याच वर्षातल्या, त्याच प्रकारच्या लेखांच्या जागतिक सरासरीशी तुलना, १ म्हणजे सरासरी. अनुस्वारताईंची तक्रार तिथेच मिटते.

अनुस्वार

मिटली असती तर आनंदच होता. 'त्याच विषयातल्या' म्हणजे कोणत्या? तिथलं वर्गीकरण जर्नल आणि प्रोसिडिंग्जच्या पातळीवर होतं. माझा ग्राफ अल्गोरिदमवरचा पेपर ज्या मालिकेत छापला जातो, तिच्यावर चार-पाच विषयांची लेबलं असतात. त्यातल्या एकात न्यूरल नेटवर्कवाले येऊन बसले की सरासरी त्यांचीच. शिवाय सरासरी हेच माप इथे लंगडं. एका लाखभर सायटेशन्सच्या पेपराने ती कुठल्या कुठे जाते. शतमान वापरलं तर बरं, म्हणजे 'त्या वर्षीच्या अशा पेपरांत वरच्या दहा टक्क्यांत'. संशोधनाच्या मोजमापाबद्दलच्या २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यातही शतमानाचाच पुरस्कार केलेला आहे.

बाय द वे, एकाच व्यक्तीचा एच गूगल स्कॉलरवर ३१ असेल तर स्कोपसवर कमी आणि वेब ऑफ सायन्स या तशाच दुसऱ्या डेटाबेसवर बहुधा त्याहून कमी येईल. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (छापण्याआधीच टाकलेले पेपर), तांत्रिक अहवाल सगळं मोजतं. बाकीचे दोघं निवडक स्रोत घेतात आणि कॉन्फरन्सच्या बाबतीत अजूनही हात आखडतात. अर्जात आकडा कुठून घेतला हे लिहिलेलंच नसेल तर तो आकडा वाचूच नये, असं माझं मत.

उंटावरचा_शहाणा

एवढं सगळं सरळ मार्गाने चाललंय असं गृहीत धरून बोलताय. सिरिल लाब्बे या फ्रेंच संशोधकाने २०१० मध्ये आइक अँटकारे नावाचा एक शास्त्रज्ञ जन्माला घातला. सायजेन या प्रोग्रॅमने तयार केलेले १०२ निरर्थक पेपर, सगळे एकमेकांना उद्धृत करणारे. गूगल स्कॉलरने त्या अस्तित्वातच नसलेल्या माणसाला ९४ चा एच-इंडेक्स बहाल केला.

हा उघड विनोद होता, पण खरा धंदा याहून शांतपणे चालतो. मला एकदा रिव्ह्यूमध्ये 'खालील पेपरांचा उल्लेख करणे आवश्यक' अशी यादी आली. विषयाशी संबंध नाही आणि सगळ्या पेपरांत एक नाव सामाईक. संपादकांना कळवलं, उत्तर आलं नाही. शेवटी सहलेखकाने 'घालून टाक रे, आपलं काय जातंय' म्हणून दोन घातले. आता त्या गृहस्थाच्या चौकटीत आमची दोन सायटेशन्स दिमाखात बसली असतील.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ गुडहार्ट यांचा नियम आहेच: माप हेच ध्येय झालं की ते चांगलं माप उरत नाही.

खटपट्या

खुद्द हर्शनेच २०२० मध्ये लिहिलंय की हे माप सपशेल फसू शकतं आणि त्याचे अनपेक्षित वाईट परिणाम होतात. अतिवाहकतेबद्दलचं त्याचं म्हणणं मुख्य प्रवाहाच्या विरुद्ध होतं आणि असे विषय घेऊन एच वाढत नाही, हे त्याने स्वतः अनुभवलं. बूमरँग.

नवा_गडी

नमस्कार, पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात आहे. वाचून घाबरलो. व्यावहारिक विचारतो: मी या आकड्यांकडे लक्ष द्यायचं की नाही? माझ्या प्रोफाइलमध्ये माझ्याच नावाच्या दुसऱ्या कोणाचे तरी पेपर आले आहेत, आणि आमचा एक पेपर दोनदा दिसतोय.

तळटीप

@नवा_गडी, घाबरू नका. मोजणी स्वच्छ ठेवा, मोजणीसाठी जगू नका.

दोनदा दिसणारा पेपर म्हणजे बहुतेक एक आर्काइव्ह या प्रीप्रिंटच्या साइटवरची प्रत आणि एक कॉन्फरन्सची. गूगल स्कॉलरमध्ये दोन्ही निवडून एकत्र करता येतात. दुसऱ्याचे पेपर आजच काढून टाका, आणि आपोआप भर घालण्याची सोय बंद करून 'आधी मला विचारा' हा पर्याय निवडा. दुसऱ्याच्या सायटेशन्सवर फुगलेलं प्रोफाइल एखाद्याने मुलाखतीत उघडलं तर तुम्हाला स्पष्टीकरण देत बसावं लागेल. ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा स्वतःचा ओळखक्रमांक) काढला नसेल तर काढा, फुकट आहे. नावाची स्पेलिंग पहिल्या पेपरापासून एकच ठेवा.

डीबीएलपी मात्र अवश्य बघा. १९९३ मध्ये जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात मिखाएल लाय यांनी सुरू केलेली ही यादी, आता श्लॉस डागस्टूल सांभाळतं. त्यात श्रेणी नाही, इंडेक्स नाही. कोणी, कोणाबरोबर, कुठे, कधी लिहिलं, एवढंच. सारख्या नावांच्या माणसांना मागे ०००१, ०००२ असे क्रमांक लावून वेगळं करतात आणि चूक कळवली तर दुरुस्तही करतात. कोणाचाही अर्ज आला की मी आधी तिथे जातो. सहलेखक कसे बदलत गेले, गाइडपासून सुटून स्वतःचा विषय कधी सुरू झाला, हे त्या साध्या यादीत जितकं दिसतं तितकं कुठल्याच इंडेक्समध्ये दिसत नाही.

गणकयंत्र

यादीच हवी असेल तर सीएसरँकिंग्ज आहे. एमरी बर्गर यांनी बनवलेलं. सायटेशन्स अजिबात मोजत नाही, ठरावीक नामांकित कॉन्फरन्समधले पेपर मोजतं आणि एका पेपराचं श्रेय सगळ्या लेखकांत समान वाटतं. दहा लेखक असतील तर प्रत्येकाला एक दशांश. फुगवाफुगवी कमी.

अनुस्वार

ते विभागांची तुलना करण्यासाठी आहे, माणसांची नाही. आणि ठरावीक कॉन्फरन्स कोणत्या हे ठरवतानाच अर्धा निकाल लागतो. दोन विषयांच्या सीमेवर काम करणाऱ्याचे पेपर त्या यादीच्या बाहेरच पडतात. तरी नियम उघड आहेत आणि कोणालाही पडताळता येतात, याचे गुण मी देईन.

गणकयंत्र

बरं. सगळ्यांनी सगळी मापं मोडीत काढली. आता मूळ धागाकर्त्यानेच सांगावं, दोनशे अर्जांतून वीस कसे काढणार?

तळटीप

रास्त प्रश्न. यंदा आम्ही (बरीच वादावादी होऊन) असं ठरवलंय.

अर्जदाराने स्वतः तीनच पेपर निवडायचे. प्रत्येकाखाली चार-पाच ओळी: प्रश्न काय होता, यात माझा वाटा कोणता, आणि हे नसतं तर पुढे काय अडलं असतं. सॉफ्टवेअर किंवा डेटासेट असेल तर तोही तिनांपैकी एक चालेल. कल्पना आमची नाही. कम्प्युटिंग रिसर्च असोसिएशनने २०१५ मध्ये मोजक्या पेपरांवरच मूल्यमापन करा अशी शिफारस केली होती, ती उचलली. पहिल्या फेरीत दोन सदस्य फक्त हे एक पान वाचतात. चौकट त्या पानावर नसते.

वीस-पंचवीस जण उरले की आकडे बाहेर काढायचे, पण तुलना त्याच कॉन्फरन्सच्या त्याच वर्षीच्या इतर पेपरांशी. तिथे हा पेपर मधल्या घोळक्यात आहे की वर, एवढंच बघायचं. मग प्रत्येक पेपराला उद्धृत करणारे पाच-सहा पेपर उघडायचे, त्यातले लेखकाच्या गटाबाहेरचे निवडायचे आणि ते वाक्य वाचायचं. 'संबंधित काम [१४–२९]' अशा गठ्ठ्यात नाव आहे, की त्यांनी यावर काही उभारलंय? हे वाचायला फार वेळ लागत नाही आणि उंटावरच्या शहाण्यांनी सांगितलेली उसनी सायटेशन्स इथे लगेच उघडी पडतात.

आणि मी सुरुवातीला लिहिलेलं सूत्र वापरतो, पण उलटं. ज्यांचा एच सूत्राच्या अंदाजापेक्षा खूपच कमी आहे, त्यांचे अर्ज पुन्हा एकदा बघायचे. एखादा प्रचंड गाजलेला पेपर असतो. तो त्यांचा स्वतःचा की चाळीस लेखकांतले ते एक, हे बघावं लागतं.

गणकयंत्र

दोनशे अर्ज, प्रत्येकी दोन वाचक, एक पान. चारशे वाचनं झाली की हो! आणि चार ओळी छान लिहिणारा जिंकणार, ज्याला स्वतःबद्दल लिहिता येत नाही तो मागे. माझा अनोळखी उमेदवार पुन्हा बाहेरच.

तळटीप

छान लिहिणाऱ्याचा धोका आहे, मान्य. म्हणूनच पानावर नाव, संस्था आणि गाइड झाकून बघतोय. पेपरच्या शीर्षकावरून जाणकाराला ओळखू येतंच, त्यावर तोडगा नाही. चारशे वाचनांचं म्हणाल तर समितीत आठ जण आहोत, वाट्याला पन्नास पानं येतात. दोघांनी आत्ताच वेळ नाही म्हणून कळवलंय.

पेशीजाल

ते चार ओळींचं पान आमच्याकडच्या समितीला दाखवायचंय. अर्जाचा कोरा नमुना इथे टाकता येईल का?

तळटीप

टाकतो. आधी समितीची परवानगी घेतो, मग याच धाग्यात.